विरोधक कोण ठरवतो?

प्रस्तावना

सशस्त्र गटाच्या भीतीने देश सोडून आलेला माणूस ‘मला परत पाठवू नका’ म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे तपासायचे कसे, हा या पुस्तिकेचा विषय. त्यातही ज्याला तो गट आपला विरोधक समजतो, अशाच माणसाच्या दाव्याचा विचार येथे केला आहे. हा माणूस खरोखर विरोधक असेलच असे नाही. त्याने कधी भाषण केले नसेल, बंदूक हातात धरली नसेल, मतदानालाही गेला नसेल. तरी गटाच्या वहीत त्याचे नाव चढलेले असते. तपासायची असते ती ही वही. माणसाची निष्ठा, शौर्य किंवा राजकीय समज यांची परीक्षा घ्यायची नसते. एवढी एकच गोष्ट ही पुस्तिका वेगवेगळ्या अंगांनी सांगते, कारण प्रत्यक्ष चौकशीत नेमकी तीच सुटते.

हा विषय दिल्लीचा, फार तर जिनिव्हाचा. बडोद्याच्या प्रतापनगरात बसून त्यावर मराठीत लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. प्रतापनगर ओळखले जाते ते रेल्वेमुळे. गायकवाडांच्या छोट्या गाडीचे स्थानक, तिचा कारखाना आणि आज पश्चिम रेल्वेची विभागीय कचेरी. पोलीस मुख्यालयही याच भागात. निर्वासितांच्या प्रश्नाशी या वस्तीचा थेट संबंध नसेल, पण शहराचा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत बडोद्यात वारसियाला उभी राहिली. त्या वेळी एकेकाला समोर बसवून ‘तुला भीती नेमकी कोणाची’ असे विचारण्याची वेळ आली नाही. आलेला लोंढाच पुरावा होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 28 मे 2021 रोजी, केंद्रीय गृह मंत्रालयाने पाच राज्यांतल्या तेरा जिल्ह्यांना अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती अर्जदारांच्या नागरिकत्वाच्या अर्जांचे अधिकार दिले. त्यात मोरबी, राजकोट आणि पाटण यांच्यासोबत वडोदरा जिल्हा होता. येथेही विचार समुदायाचाच होता. अर्जदार कोणत्या देशाचा आणि कोणत्या धर्माचा हे कळले की मुख्य प्रश्न सुटत होता.

अडीच महिन्यांनी, 15 ऑगस्टला, काबूल तालिबानच्या हाती गेले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात तेव्हा भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आलेले अफगाण विद्यार्थी शिकत होते. पुणे तर देशातल्या अफगाण विद्यार्थ्यांचे मोठेच केंद्र. खडकवासल्याची एनडीए, देहरादूनची इंडियन मिलिटरी अकादमी आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी यांत मिळून सुमारे 80 अफगाण कॅडेट होते. ज्या सैन्यात त्यांना अधिकारी व्हायचे होते ते सैन्यच उरले नाही. पुढे भारत सरकारने त्यांच्यासाठी वर्षभराच्या इंग्रजी प्रशिक्षणाची सोय केली, तेवढी मुदत त्यांना मिळाली.

या तरुणांतले बहुतेक मुसलमान. मे महिन्याच्या अधिसूचनेत त्यांना जागा नव्हती. त्यांच्या भीतीचे मूळ पडलेल्या सरकारशी असलेल्या नात्यात होते. कोणाचा बाप पोलिसात, कोणाची बहीण न्यायालयात, कोणी स्वतः परदेशी संस्थेत दुभाष्याचे काम केलेला. अशा माणसाचे काय करायचे हे एकेकाचे ऐकूनच ठरवावे लागते. आणि ते ऐकणारा पहिला माणूस क्वचितच तज्ज्ञ असतो. तो वसतिगृहाचा रेक्टर असतो, विभागातला प्राध्यापक असतो, परदेशी नागरिकांची नोंदणी करणारा पोलीस अधिकारी असतो, नाहीतर कोणाच्या ओळखीतून गाठलेला जिल्हा न्यायालयातला वकील असतो. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. बडोद्यात त्यांतले कितीतरी मराठी बोलणारे, पुण्यात तर बहुतेक सगळे. या विषयावर इंग्रजीत उत्तम मार्गदर्शिका आहेत, पण त्या वकिलांच्या कपाटापर्यंतच पोचतात.

आता कायद्याकडे. भारताने 1951च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, 1967च्या प्रोटोकॉलवरही नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. सरन्यायाधीश राहिलेले आणि त्याआधी गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले पी. एन. भगवती यांनी 1990च्या दशकात आदर्श कायद्याच्या मसुद्यासाठी पुढाकार घेतला. शशी थरूर यांनी 2015मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले, 2022मध्ये पुन्हा मांडले. कायदा झाला नाही. 1 सप्टेंबर 2025पासून 1946च्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टने घेतली. जुन्या कायद्यातही परदेशी माणूस परदेशीच होता, नव्यातही तसाच आहे. छळाला भिऊन आलेला आणि व्हिसा संपूनही रेंगाळलेला, यांच्यात फरक करणारे कलम दोन्हींत नाही. काही समुदायांना सूट मिळते ती वेगळ्या आदेशांनी.

मग दार उरते ते दोन ठिकाणी. पहिले गृह मंत्रालयाच्या कार्यपद्धतीत. 29 डिसेंबर 2011च्या या कार्यपद्धतीनुसार वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती प्रथमदर्शनी दिसत असेल, तर सुरक्षाविषयक पडताळणी करून राज्य सरकार दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करू शकते. हा व्हिसा मिळालेल्याला खासगी नोकरी करता येते, शिकता येते. या यादीत ‘राजकीय मत’ हे शब्द आहेत, आणि देशाने करार स्वीकारलेला नसताना आहेत. कित्येक पोलीस ठाण्यांना आणि वकिलांना ही कार्यपद्धती ठाऊकच नसते. म्हणून तिचा सविस्तर विचार पुस्तिकेत आला आहे. दुसरे दार संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे, म्हणजे यूएनएचसीआरचे, दिल्लीत. तेथे नोंदणी होते, मुलाखत होते, दावा मान्य झाला तर ओळखपत्र मिळते. या कार्डामागे भारतीय कायद्याचे बळ नाही. ते पाहून समोरचा अधिकारी थांबला तर कार्डाचा उपयोग, नाही थांबला तर न्यायालय.

न्यायालयांचा आधार एकसारखा राहिलेला नाही. 1996मध्ये चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेच्या कलम 21चे संरक्षण देशात असलेल्या प्रत्येक माणसाला आहे, तो नागरिक असो वा नसो. 1998मध्ये गुजरात उच्च न्यायालयापुढे भुजच्या संयुक्त चौकशी केंद्रात ठेवलेल्या दोन इराकींचे प्रकरण आले. यूएनएचसीआरने त्यांना निर्वासित मानले होते, सरकारपुढे त्यांना परत पाठवण्याचा मार्ग होता. जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तेथे माणसाला परत पाठवू नये, हे तत्त्व त्या निकालात न्यायालयाने कलम 21शी जोडले. गुजरातमधल्या वकिलाला हा निकाल हाताशी असायलाच हवा. 2021च्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र दोन टोके दिसली. 8 एप्रिलला रोहिंग्यांच्या अर्जावर अंतरिम आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याने ठरवलेली पद्धत पाळून परत पाठवण्यास अटकाव केला नाही. 3 मेला मणिपूर उच्च न्यायालयाने लष्करी उठावानंतर म्यानमारमधून आलेल्या सात जणांना, ज्यांत पत्रकारही होते, यूएनएचसीआरकडे जाता यावे म्हणून दिल्लीपर्यंत सुरक्षित प्रवासाची मुभा दिली. निकालांचा कौल असा हलता असेल तेथे पहिल्या कागदावर काय लिहिले गेले याला अधिकच वजन येते.

आता मूळ मुद्दा. गट ज्याला विरोधक समजतो, तो कोण? मराठी वाचकाला यासाठी काबूलला जाण्याची गरज नाही. गडचिरोलीत त्याचे उत्तर आहे. एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांत गेली चाळीस वर्षे किती माणसे ‘पोलिसांचा खबरी’ म्हणून मारली गेली, आणि मृतदेहाशेजारी आरोप लिहिलेली पत्रके टाकली गेली. त्यांतले काही खरेच माहिती देत असतील. पण खबरी ठरायला तेवढे लागत नाही. गस्तीवरच्या जवानांना पाणी दिले, मुलगा पोलीस भरतीत निवडला गेला, रस्त्याच्या कंत्राटदाराकडे काम धरले, ठाण्याच्या दारात दोनदा दिसला, बैठकीला बोलावल्यावर गेला नाही. अशा माणसाला ‘तुझे नक्षलवादाबद्दल मत काय’ असे विचारले तर तो गोंधळून पाहत राहील. त्याचे मत नाही. मत त्याला चिकटवले गेले आहे. आणि मारणारा त्या चिकटवलेल्या मतावरच मारतो. गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणी आलेली अशी कुटुंबे देशाच्या सीमेत राहतात म्हणून त्यांना निर्वासित म्हणत नाहीत, एवढाच कायद्याचा फरक. भीतीची घडण तीच.

निर्वासितांच्या कायद्यात या प्रश्नावर मोठे निकाल झाले आहेत आणि त्यांतून तपासणीची कसोटी हळूहळू घडली. ग्वाटेमालात जानेवारी 1987मध्ये एका तरुणाच्या घरी तोंड झाकलेले दोन गनिमी सैनिक मशीनगन घेऊन आले आणि ‘आमच्यात ये’ म्हणाले. त्याने नकार दिला. गेलो तर सरकारी सैन्य सूड घेईल ही त्याची भीती होती. तो अमेरिकेला पळाला. 1992मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याचा दावा नाकारला: नकार देणे म्हणजे राजकीय मत असणे नव्हे, आणि गटाचे राजकारण काय यापेक्षा अर्जदाराचे मत काय हे महत्त्वाचे. या निकालाने अनेक अर्जदारांची वाट अडवली, कारण नकार देणाऱ्याकडे गट कोणत्या नजरेने पाहतो हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर पडला.

पुढच्याच वर्षी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉर्ड खटल्यात वेगळी दिशा घेतली. अर्जदार वॉर्ड उत्तर आयर्लंडमधल्या आयएनएलए या सशस्त्र संघटनेत सामील झाला होता. ओलिसांवर पहारा देण्याचे काम त्याच्याकडे आले, त्यांना मारण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने त्यांना निसटू दिले. संघटनेने त्याचा छळ केला आणि त्याला देहदंड ठोठावला. न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. छळ करणारे सरकारच असावे लागते असे नाही. सरकार संरक्षण देऊ शकत नसेल तरी पुरेसे. आणि छळ करणाऱ्याने चिकटवलेले मतही राजकीय मतच. ओलिसांना सोडणाऱ्याने कोणतीही घोषणा केली नव्हती, त्याच्या कृतीचा अर्थ संघटनेने लावला. 2012मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने झिम्बाब्वेच्या अर्जदारांच्या प्रकरणात आणखी एक पायरी गाठली. तिथे सत्ताधारी पक्षाच्या टोळ्या रस्त्यात अडवून निष्ठेचा पुरावा मागत. ज्याला राजकारणात रस नाही त्याने जीव वाचवण्यासाठी खोट्या निष्ठेचे सोंग आणावे अशी अपेक्षा धरता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. मत नसण्याचाही हक्क असतो.

या निकालांतून एक व्यवहारी रीत निघते. अर्जदाराला प्रथम विचारावे ते त्याने काय केले, कोठे काम केले, कोणाशी नाते होते, कोणी पाहिले. नंतर त्या गटाची माहिती घ्यावी: तो कोणाला शत्रू मानतो, कोणाला सोडून देतो, हुकूम वरून येतात की गावचा कमांडर ठरवतो. मग दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहावे. सर्वसाधारण चौकशीत उलटे होते. अधिकारी विचारतो, ‘तू तालिबानच्या विरोधात होतास का?’ अर्जदार घाबरून ‘नाही, साहेब, मी राजकारणात नव्हतो’ म्हणतो आणि नोंद होते: राजकीय सहभाग नाही. दावा तेथेच संपतो. उत्तर खरे असते, प्रश्न चुकीचा असतो.

अफगाणिस्तानचे उदाहरण पुस्तिकेत सविस्तर घेतले आहे, कारण तेथे आणखी एक पेच आहे. ज्या गटाची भीती, तोच गट आज सरकार आहे, आणि त्याने माफी जाहीर केली आहे. 17 ऑगस्ट 2021च्या पत्रकार परिषदेत तालिबानच्या प्रवक्त्याने सूड घेतला जाणार नाही असे सांगितले. मग भीती कशाची? संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानातील मोहिमेने ऑगस्ट 2023मध्ये याचा हिशेब मांडला. 15 ऑगस्ट 2021 ते 30 जून 2023 या काळात माजी सरकारी अधिकारी आणि सुरक्षा दलांतल्या माजी लोकांविरुद्ध हत्या, बेपत्ता करणे, मनमानी अटक व छळ यांच्या किमान 800 घटना त्यांनी नोंदवल्या. त्यांत किमान 218 हत्या होत्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या पहिल्या साडेचार महिन्यांतल्या. सर्वाधिक झळ माजी सैनिक, पोलीस आणि गुप्तचर खात्यातल्यांना बसली. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. माफीचा शब्द पाळला गेला असे म्हणता येत नाही. त्याचबरोबर प्रत्येक माजी कारकून मारला गेला असेही म्हणता येत नाही. म्हणून हुद्दा, जिल्हा, वैयक्तिक वैर, ओळखीचा कमांडर, घरातला दुसरा कोणी, हे सगळे एकेका माणसाचे पाहावे लागते. ‘सगळ्यांना धोका’ आणि ‘कोणालाच धोका नाही’, ही दोन्ही उत्तरे फाइल बंद करण्यासाठीच बरी.

याच पेचाची मोठी आवृत्ती ब्रिटनमध्ये घडली. ब्रिटिश फौजांबरोबर काम केल्याने ब्रिटनमध्ये जागा मागणाऱ्या सुमारे 19,000 अफगाणांची माहिती असलेली यादी फेब्रुवारी 2022मध्ये संरक्षण खात्यातून बाहेर फुटली. ही गोष्ट न्यायालयाच्या आदेशाने जवळजवळ दोन वर्षे गुप्त राहिली आणि 15 जुलै 2025 रोजी जाहीर झाली. दरम्यान गुपचूप हजारो लोकांना ब्रिटनला हलवले जात होते. पॉल रिमर या निवृत्त अधिकाऱ्याने केलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा की केवळ त्या यादीत नाव असल्यामुळे कोणी लक्ष्य होण्याची शक्यता कमी. तालिबानकडे माणसे ओळखण्याची इतर साधने आधीच आहेत. यादीतल्या माणसाला हा दिलासा वाटेल का, हा वेगळा प्रश्न. तपासणाऱ्याने यातून घ्यायचे ते इतकेच की एकटा कागद धोका निर्माण करत नाही आणि एकटा कागद धोका नाहीसाही करत नाही.

पुराव्याचे प्रकरण या पुस्तिकेतले सर्वांत मोठे आहे आणि तसेच असायला हवे. पळून आलेल्याकडे कागद कमी असतात. असतात ते कधी जाळलेले, कधी शिवून आणलेले, कधी विकत घेतलेले. तालिबानची धमकीची पत्रे, ज्यांना तेथे शबनामा म्हणतात, बनावटही निघाल्याचे जगजाहीर आहे. म्हणून शबनामा दाखवला म्हणून दावा खरा आणि दाखवला नाही म्हणून खोटा, असे होत नाही. फोनवर किंवा मशिदीत सांगून दिलेल्या धमकीला कागद नसतो. तारखांचेही तसेच. अफगाण कागदपत्रे सौर हिजरी सनात असतात. रूपांतर करताना वर्षाचा फरक सहज पडतो. तझकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, कित्येकदा जन्मतारीख नसते, अमुक साली इतक्या वयाचा अशी नोंद असते, आणि मग पासपोर्टवर 1 जानेवारी उमटते. एका वसतिगृहात चार मुलांची जन्मतारीख 1 जानेवारी दिसली म्हणून संशय घेणाऱ्याला ही गोष्ट माहीत असावी. भाषेचा प्रश्न तर आहेच. अनेक अफगाण तरुण सिनेमांवरून शिकलेली हिंदी छान बोलतात, त्यामुळे दुभाष्याची गरज नाही असे वाटते. खरेदीपुरती हिंदी येणाऱ्याला अटकेची हकिकत त्याच हिंदीत सांगता येते, असे धरून चालू नये. दरी की पश्तो, हे आधी विचारावे, आणि दुभाष्या त्याच्याच ओळखीतला किंवा विरोधी गटाकडे झुकणारा नाही याची खात्री करावी.

हकिकतीत विसंगती आली की दावा खोटा, ही समजूतही तपासून पाहावी लागते. मार खाल्लेल्या माणसाला मार किती वाजता पडला हे आठवत नाही. कोणी मारले आणि दार कोणत्या बाजूला होते हे आठवते. यूएनएचसीआरच्या 1979च्या हस्तपुस्तिकेने यासाठी दोन नियम घालून दिले आहेत: सत्य शोधण्याची जबाबदारी अर्जदार आणि तपासणारा या दोघांचीही, आणि हकिकत एकंदरीत विश्वसनीय असेल तर उरलेल्या शंकेचा फायदा अर्जदाराला. प्रमाण किती लागते? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987मध्ये म्हटले की छळाची शक्यता दहात एक असली तरी भीती साधार ठरू शकते. फौजदारी खटल्यातली ‘निःसंशय’ ही कसोटी येथे लावायची नसते. आपल्या वकिलांना आणि पोलिसांना हा बदल अवघड जातो, कारण त्यांचे सगळे शिक्षण झालेल्या गुन्ह्याचे असते. येथे प्रश्न पुढे काय होईल याचा आहे.

भीती खरी मानली तरी दोन प्रश्न उरतात. तो देशातच दुसरीकडे जाऊन राहू शकत नाही का? आणि गटाचा हात तेथपर्यंत पोचतो का? सशस्त्र गटांच्या बाबतीत याचे उत्तर नकाशावर मिळत नाही. ईपीआरएलएफ या श्रीलंकेतल्या तमिळ संघटनेचे नेते पद्मनाभ देश सोडून मद्रासला राहत होते. 19 जून 1990 रोजी लिट्टे या प्रतिस्पर्धी तमिळ गटाने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथेच ठार केले. सीमा ओलांडूनही ते गटाच्या टप्प्यात राहिले. उलट, सामान्य गावकऱ्याला शोधत कोणी तीनशे किलोमीटर येणार नाही, हेही तितकेच शक्य. गट किती मोठा आणि माणूस त्याला किती हवा आहे, दोन्ही पाहावे. गट सत्तेवर आला असेल तर त्याचा हात दूतावासातही पोचतो. 2024च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात तालिबानने आपला प्रतिनिधी नेमला. पुढे ऑक्टोबर 2025मध्ये भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक कचेरीला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. दोन देशांच्या व्यवहारासाठी हे आवश्यक असेल. पण ‘पासपोर्टचे नूतनीकरण करून आण’ असे एखाद्या विद्यार्थ्याला सांगणारा कारकून त्याला नेमके कोणाच्या दारात पाठवतो आहे, हे त्याने जाणून घ्यावे. आणि ‘तुमचा हा माणूस खरा का’ असे पत्र त्या दारात पाठवून पडताळणी करणे तर कधीच करू नये.

या पुस्तिकेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, असे म्हणून कोणीही येईल. येईलच; म्हणून तर तपासणी. नीट तपासणीत खोटा दावा टिकत नाही, कारण गटाची, जिल्ह्याची, हुद्द्याची तपशीलवार माहिती असणाऱ्या माणसापुढे पाठ केलेली हकिकत तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला अडखळते. ढिसाळ तपासणीत मात्र चतुर माणूस सुटतो आणि घाबरट अडकतो. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. गटाच्या विरोधात असलेला प्रत्येक जण निर्दोष नसतो. सुरक्षा दलात असताना कैद्यांचा छळ केलेला, किंवा गटातच राहून मग फुटलेला, असे दोन्ही प्रकारचे लोक येतात. 1951च्या करारानेही युद्धगुन्हे किंवा गंभीर गुन्हे केलेल्यांना निर्वासित मानण्यास नकार दिला आहे. पण फुटलेला म्हणून दार बंद, असेही नाही; वॉर्ड तसाच माणूस होता. गडचिरोलीत ऑक्टोबर 2025मध्ये भूपती हा माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता साठ सहकाऱ्यांसह शरण आला, तेव्हा त्याच्या जुन्या पक्षाने त्याला गद्दार ठरवले. अशा माणसाला धोका आहे हे मान्य करणे आणि त्याने काय केले याची झाडाझडती घेणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही करावी, आणि एक झाले म्हणून दुसरे सोडू नये.

पुस्तिकेचा आवाका मर्यादित ठेवला आहे. नागरिकत्वाच्या वादात ती शिरत नाही. कोणत्या समुदायाला काय सवलत मिळावी हे संसदेचे आणि न्यायालयाचे काम. अफगाण स्त्रियांचा प्रश्नही स्वतंत्र आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 4 ऑक्टोबर 2024 रोजी तो निकालात वेगळा काढून, स्त्री असणे आणि अफगाण असणे एवढेच पाहून आश्रय देता येईल असे सांगितले आहे. ‘विरोधक’ या खात्यात त्यांचा दावा बसवण्याची धडपड बऱ्याचदा अनावश्यक ठरते.

वाचकाने पुस्तिका कोठूनही उघडावी, पण पहिली मुलाखत कशी लिहून घ्यावी हे प्रकरण आधी वाचावे. पुढे दिल्लीत यूएनएचसीआर असो, गृह मंत्रालय असो की उच्च न्यायालय, प्रत्येक जण त्या पहिल्या नोंदीशी नंतरचे म्हणणे ताडून पाहतो. ती नोंद बडोद्यात किंवा पुण्यात, एखाद्या टेबलाशी, घाईत आणि बहुधा इंग्रजीत होते. तेथे बसणाऱ्याला आमचे एवढेच सांगणे: माणसाने सांगितले ते त्याच्या शब्दांत लिहा, आपला निष्कर्ष वेगळ्या ओळीत लिहा, लिहिलेले त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. यासाठी नवा कायदा लागत नाही.

प्रतापनगर, बडोदे